‘बघतो’ म्हणजे हो की नाही? स्टुडंट एक्स्चेंजमध्ये खरं शिकायचं काय

आज बोलूया स्टुडंट एक्स्चेंजबद्दल. म्हणजे ॲडमिशन आपल्याच कॉलेजात, पण एखादं सेमिस्टर परदेशातल्या विद्यापीठात. दोन्हीकडचा करार असेल तर तिथली ट्यूशन फी बहुतेक वेळा भरावी लागत नाही. पण तिकीट, व्हिसा, राहणं-खाणं हा खर्च असतोच. मग एवढे पैसे घालून आणायचं काय? फक्त फोटो?

युरोपात ही पद्धत रुजवली इरॅस्मस योजनेनं. १९८७ साली ११ देश आणि ३,२४४ विद्यार्थी, अशी तिची सुरुवात. आता तिचं नाव इरॅस्मस प्लस, आणि ठरावीक करारांमधून भारतातले विद्यार्थीही जातात.

आपण उदाहरण घेऊ जर्मनीचं. तिथल्या टाइमटेबलवर ‘१० सी. टी.’ लिहिलेलं दिसलं, तर लेक्चर सव्वादहाला सुरू होतं. ‘१० एस. टी.’ असेल तर बरोबर दहाला. म्हणजे उशिरालाही नियम आहे! हे कळलं नाही, तर पहिल्याच दिवशी गोंधळ.

दुसरी गोष्ट, संबोधन. जर्मनमध्ये ‘झी’ म्हणजे आपलं ‘तुम्ही’ आणि ‘डू’ म्हणजे ‘तू’. मराठी माणसाला हे लगेच कळतं. पण ‘झी’वरून ‘डू’वर यायचं कधी? साधारणपणे वयानं किंवा पदानं मोठा माणूस तसं सुचवतो. आपण आपलं सुरू करायचं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आपण सरांना ‘हो, बघतो’ म्हणतो, तेव्हा कधी कधी अर्थ असतो, ‘जमणार नाही, पण तोंडावर कसं सांगू?’ समोरच्यानं ते ओळखायचं. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९७६ च्या ‘बियाँड कल्चर’ पुस्तकात हा फरक मांडला: काही समाजांत अर्थ संदर्भात दडलेला असतो, काहींत तो शब्दांतच सांगायचा असतो. जर्मन टीममध्ये तुमचा ‘हो’ बहुधा शब्द दिल्यासारखा धरला जातो. प्रत्येक जर्मन माणूस असाच, असं मात्र समजू नका.

आता तुम्ही म्हणाल, हे तर एका व्हिडिओतही कळेल. कळेल, पण अंगवळणी पडणार नाही. ग्रुप प्रोजेक्टमध्ये तुमच्या ‘बघतो’मुळे चौघांचं काम अडतं, कुणीतरी स्पष्ट विचारतं, आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही वेगळं बोलून बघता. नोकरीत हीच चूक महागात पडते. इथे फार तर मार्क जातात.

म्हणून जाणार असाल तर तीन कामं करा. निघण्याआधी कोणते विषय घेणार आणि त्यांची क्रेडिट्स इथे कशी धरणार, हे लेखी घ्या. युरोपात पूर्ण सेमिस्टरची साधारण ३० क्रेडिट्स असतात. किमान एक विषय टीम प्रोजेक्टचा निवडा. आणि सगळा वेळ भारतीय ग्रुपमध्येच घालवू नका.

जायला जमणार नाही? हरकत नाही. पुणे-चाकण पट्ट्यात जर्मन कंपन्या आहेतच, हे बोलणं तिथेही लागतं. आजपासूनच सराव करा. ‘बघतो’ऐवजी म्हणा, ‘शुक्रवारी संध्याकाळी पाठवतो’ किंवा ‘या आठवड्यात जमणार नाही, सोमवारी चालेल का?’

करून बघा आणि काय झालं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!