लूपबॅक ‘पास’ झाला, म्हणजे नेमकं काय तपासलं?

नवी इथरनेट सेवा सुरू करताना ग्राहकाची केबल जोडण्याआधीच, दूरच्या केंद्रात बसून तिची चाचणी घेता येते. ग्राहकाकडच्या उपकरणाचा पोर्ट आतल्या आत वळवला, की बाहेर पडायला निघालेली फ्रेम तिथूनच माघारी येते; यालाच लूपबॅक म्हणतात. तंत्रज्ञाची फेरी वाचते. सोय उत्तमच आहे, पण तिच्याबद्दलच्या काही समजुतींमुळे सदोष लाइन बिनबोभाट ग्राहकाच्या गळ्यात पडते.

सर्वांत पक्का गैरसमज असा, की लूपबॅक पास झाला म्हणजे लाइन टोकापर्यंत तपासली गेली. प्रत्यक्षात फ्रेम जिथून वळली, तिथपर्यंतचीच हमी मिळते. असा आतला लूपबॅक एसएफपीच्या, म्हणजे पोर्टात बसवलेल्या ऑप्टिकल मॉड्यूलच्या, अलीकडेच वळतो. त्यामुळे एसएफपी, पॅचकॉर्ड, मळलेला फायबर कनेक्टर यांतलं काहीच तपासलं जात नाही. (संगणकाच्या स्वतःच्याच १२७.०.०.१ या पत्त्याला पिंग करून ‘नेटवर्क ठीक आहे’ म्हणणं तर त्याहून चूक, ते पाकीट नेटवर्क कार्डापर्यंतही पोचत नाही.) याउलट ‘आतला लूपबॅक निरुपयोगीच’ हेही खरं नाही. व्हीलॅनची मांडणी आणि मधल्या जाळ्यातला मार्ग त्यातून चांगला पारखला जातो.

‘एक गिगाबिटची लाइन आहे, मग चाचणीत हजार मेगाबिट दिसलेच पाहिजेत’ यावरून भांडणं होतात. प्रत्येक फ्रेममागे तारेवर २० बाइट जास्तीचे खर्च होतात: ८ सुरुवातीच्या खुणेचे, १२ दोन फ्रेममधल्या अंतराचे. फ्रेम ६४ बाइटची असेल, तर सेकंदाला जास्तीत जास्त १४,८८,०९५ फ्रेम जातात. म्हणजे सुमारे ७६२ मेगाबिट. लाइन निर्दोष असूनही! १५१८ बाइटच्या फ्रेमला तीच लाइन सुमारे ९८७ दाखवते.

जाऊन-येऊन लागलेल्या वेळाचा निम्मा म्हणजे एका दिशेचा विलंब, हेही गृहीत धरू नये. दोन्ही दिशांचे मार्ग आणि मर्यादा वेगळ्या असू शकतात. जाताना १०० आणि येताना २० मेगाबिटची मर्यादा असेल, तर लूपबॅक २०च दाखवणार, आणि अडथळा कोणत्या दिशेला आहे हे सांगणार नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना मापनयंत्रं लागतात, आणि एका दिशेचा विलंब मोजायचा तर त्यांची घड्याळंही जुळलेली हवीत.

‘आरएफसी २५४४ केली की झालं’ असं सर्रास ऐकू येतं. १९९९ची ही पद्धत प्रयोगशाळेत उपकरणं पारखण्यासाठी आहे. चालू जाळ्यावर ती वापरू नये, असं २०१२मध्ये आरएफसी ६८१५ने स्पष्ट केलं, कारण ती लाइन काठोकाठ भरते आणि इतरांची वाहतूक कोंडते. सेवेच्या चाचणीसाठी आयटीयूची वाय.१५६४ ही पद्धत २०११पासून आहे. तिच्यात आधी एकेक सेवा, मग सगळ्या सेवा एकत्र तपासतात.

पोर्ट वळवताना मॅक पत्त्यांची अदलाबदल झाली नाही, तर पत्ते शिकणारे मधले स्विच चुकीच्या दिशेचा पत्ता शिकतात. विसरून चालू राहिलेला लूपबॅक चालू सेवाही पाडू शकतो, म्हणून त्याला वेळेची मर्यादा घालावीच.

ग्राहकांनी स्वीकृती अहवालावर सही करण्यापूर्वी फ्रेम कुठून वळवली आणि ती किती बाइटची होती हे लेखी मागावं, आणि प्रत्यक्ष केबल जोडून एकदा तरी पुन्हा चाचणी करून घ्यावी.