तारापूरची थोरली जोडी

बोईसरहून पश्चिमेला निघालं की औद्योगिक वसाहतीतले कारखाने मागे पडतात, वारा खारट होतो आणि तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या इमारती दिसू लागतात. इथे चार अणुभट्ट्या आहेत. तीन आणि चार नंबरच्या या शतकातल्या, भारतीय बनावटीच्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. हा लेख पहिल्या दोघींविषयी आहे. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांची व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. कायमची बंद न झालेली याहून जुनी व्यापारी अणुभट्टी आज जगात नाही.

अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं त्या बांधून दिल्या. उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांची ही अगदी सुरुवातीची पिढी. त्यांची भावंडंही होती. इलिनॉयमधली ड्रेस्डेन-१, इटलीतली गारिल्यानो, जर्मनीतली गुंडरेमिंगेन-ए. घराण्याची खूण म्हणजे वाफेची दुहेरी वाट. भट्टीत उकळलेल्या पाण्याची वाफ थेट टर्बाइनला जायची. शिवाय भट्टीतून फिरणारं गरम पाणी वेगळ्या बाष्पजनित्राच्या नळ्यांतून नेऊन दुसरी, कमी दाबाची वाफ तयार केली जायची.

याच नळ्यांनी घराण्यातल्या काहींना दगा दिला. गारिल्यानो १९७८ मध्ये थांबली ती या दुय्यम बाष्पजनित्रातल्या बिघाडामुळे, आणि पुन्हा सुरू झालीच नाही. ड्रेस्डेन-१ त्याच वर्षी बंद पडली. गुंडरेमिंगेन-ए तर त्याआधीच, जानेवारी १९७७ मध्ये गेली. वीजवाहिन्यांवरच्या बिघाडानंतर भट्टीच्या इमारतीत पाणीच पाणी झालं होतं. तारापूरमध्येही नळ्या गळू लागल्या. तेव्हा इथल्या अभियंत्यांनी ती बाष्पजनित्रंच वेगळी काढली आणि २१० मेगावॉटची भट्टी १६० वर चालवायचं ठरवलं. विजेसाठी आसुसलेल्या देशात जवळपास चौथा हिस्सा क्षमता सोडून देणं सोपं नव्हतं. माझ्या मते या जोडीच्या आयुष्यातला तो सर्वांत शहाणपणाचा निर्णय. भावंडांहून ती इतकी वर्षं जास्त जगली, त्याची सुरुवात तिथे आहे.

अणुभट्टीचं म्हातारपण बाहेरून दिसत नाही. पंप बदलता येतो, झडप बदलता येते, केबल नव्यानं ओढता येते. बदलता येत नाही ते दाबपात्र, म्हणजे इंधन ज्यात बसतं ते जाड पोलादी भांडं. न्यूट्रॉनचा मारा खाऊन खाऊन त्याचं पोलाद ठिसूळ होत जातं. गरम असताना ते चिवटच असतं. पण थंड होताना कोणत्या तापमानाला ते काचेसारखं वागू लागेल, ती सीमा वर्षागणिक वर सरकते. ती मोजायची कशी? भट्टी बांधतानाच त्याच पोलादाचे खाच पाडलेले छोटे तुकडे डब्यांत भरून दाबपात्राच्या आत ठेवलेले असतात. ठरावीक वर्षांनी एखादा डबा बाहेर काढायचा. जाड भिंतींच्या ‘हॉट सेल’मध्ये, हात न लावता, यांत्रिक हातांनी त्यातला एकेक तुकडा लंबकासारख्या हातोड्यापुढे धरायचा. तुकडा मोडताना हातोड्याची किती ऊर्जा खर्च झाली, त्यावरून भांड्याची तब्येत कळते. तारापूरच्या पोलादाची ही परीक्षा भाभा अणुसंशोधन केंद्रात झाली. साठच्या दशकात कुणीतरी पुढचा विचार करून आत ठेवलेला तो डबा मला फार मोलाचा वाटतो. तो नसता, तर आज सगळी भिस्त अंदाजावर असती.

दुसरं दुखणं जोडांचं. स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही, असं आपण घरात म्हणतो. पण वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडालगतच्या स्टीलमधलं क्रोमियम कणांच्या कडांवर कार्बनशी बांधलं जातं आणि तिथली संरक्षक ताकद कमी होते. त्यात वेल्डिंगनं मागे सोडलेला ताण आला, प्राणवायू विरघळलेलं गरम पाणी आलं, की कणाकणांच्या मधून बारीक तडा शिरतो. जगभरच्या या प्रकारच्या भट्ट्यांना हा रोग जडला. उपाय म्हणजे कमी कार्बनच्या स्टीलचे नवे पाइप. २०२० पासून ही जोडी लांबलचक दुरुस्तीसाठी थांबवली गेली, तेव्हा भट्टीतलं पाणी फिरवणारे पाइप बदलणं हेच त्यातलं मोठं काम होतं.

तिसरी गोष्ट धातूची नाही, काळाची. १९६० च्या दशकात दोन भट्ट्यांनी काही सुरक्षा यंत्रणा वाटून घेणं चालत होतं. पुढे ते धोक्याचं ठरलं. २००५-०६ च्या हिवाळ्यात भट्ट्या थांबवून अशा यंत्रणा वेगळ्या केल्या, जास्त क्षमतेचे डिझेल जनरेटर बसवले आणि मुख्य कंट्रोल रूम निकामी झाली तर हाताशी असावी म्हणून पूरक कंट्रोल रूम उभारली.

ही कामं माणसं करतात, आणि जुन्या भट्टीत प्रत्येक कामाची किंमत किरणोत्साराच्या मात्रेत मोजावी लागते. भारतात कामगाराला पाच वर्षांत १०० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त मात्रा घेता येत नाही. म्हणून एक झडप उघडण्याआधी बाहेर, तशाच नकली झडपेवर, अनेकदा सराव करायचा. आत जाऊन काम मिनिटांत उरकायचं. या कामात कंत्राटी माणसंही असतात, आणि त्यांच्या मात्रेचा हिशेब कायम नोकरीतल्या माणसाइतकाच चोख असायला हवा.

मग बंद करण्याची वेळ. भारतात एकही अणुवीज केंद्र अजून पूर्णपणे मोडीत निघालेलं नाही. राजस्थानातली पहिली भट्टी २००४ पासून थांबलेली आहे, एवढंच. त्यामुळे तारापूरला पाठ करायला घरचा धडा नाही. खर्चासाठी विजेच्या प्रत्येक युनिटमागे दोन पैसे बाजूला काढले जातात. आधी इंधन बाहेर काढायचं. पण तेही कुठे न्यायचं? मूळ करारात इंधन अमेरिकेचं होतं. १९७४ च्या पोखरणच्या अणुचाचणीनंतर तो पुरवठा आटला. पुढे फ्रान्स, चीन, रशिया यांच्याकडून ते आलं. वापरलेलं इंधन अमेरिकेनं परत नेलं नाही आणि त्यावर पुनर्प्रक्रिया करायला संमतीही दिली नाही. वर्षानुवर्षं ते तारापूरमध्येच, पाण्याच्या टाक्यांत साठत गेलं.

इंधन गेल्यावर उरतं ते किरणोत्सारी झालेलं पोलाद. त्यातला मुख्य त्रास कोबाल्ट-६० चा. दर सव्वापाच वर्षांनी तो निम्मा होतो. ५० वर्षं थांबलं तर सातशेव्या हिश्शाच्या आसपास उरतो. कापणाऱ्या माणसाच्या अंगावर तेवढा कमी मारा. पण ५० वर्षं थांबणं म्हणजे भट्टी ओळखणारी सगळी माणसं गमावणं. जर्मनांनी गुंडरेमिंगेन-ए मोडायला १९८३ मध्येच हात घातला. कोणता मार्ग धरायचा, हे तारापूरच्या आसपासच्या गावांना आधी, मराठीत, आकड्यांसह सांगितलं गेलं पाहिजे. अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं तर पुढच्या दोन भट्ट्यांसाठी मुळासकट उठली आहेत. किनाऱ्यावरचे मच्छीमार रोज याच पाण्यात जाळी टाकतात.

आणि ती ५० वर्षं थांबायचं ठरलं, तर हे दाबपात्र कापणारा माणूस कदाचित अजून जन्मलेलाही नाही. कोणता जोड कधी बदलला, कुठल्या भिंतीवर गळतीचं पाणी पोहोचलं, कोणता पाइप ड्रॉइंगमध्ये एकीकडे आणि प्रत्यक्षात दुसरीकडे आहे, हे त्याला आज रात्रपाळीवर असलेल्या माणसाच्या नोंदवहीतूनच कळणार आहे.