मृतांसाठी सामूहिक गायन

जुन्नर-आंबेगावकडे कुणी गेलं की दहाव्या दिवशी सकाळी कुकडी, मीना किंवा घोड नदीच्या घाटावर दशक्रिया होते. एकीकडे बुवांचं प्रवचन, दुसरीकडे पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहणं. कावळा शिवेना, तर घरचे मृताची राहिलेली इच्छा पुरी करू म्हणून मोठ्यानं सांगतात. जीव सुटावा, मागे घुटमळू नये, एवढंच मागणं.

युक्रेनमधील ख्रिस्ती मंडळींची मृतांसाठीची गायन-प्रार्थना म्हणजे पानाखिदा. रशियाने 24 फेब्रुवारी 2022 रोजी मोठं आक्रमण केलं. तेव्हापासून ती सैनिकांसाठी किती वेळा गायली गेली असेल! पश्चिमेकडील 'रेक्विएम'ला वाद्यवृंद चालतो. ब्रिटनचं 1962 चं 'वॉर रेक्विएम' तसंच आहे. पूर्वेच्या चर्चमध्ये मात्र परंपरेनं वाद्य नाही. टाळ-मृदंगाची सवय असलेल्या आपल्या कानांना हे नवलच. नुसते मनुष्यकंठ, आणि शेवटी स्मृती चिरंतन राहो अशा अर्थाचे शब्द तीनदा. ही स्मृती देवाची, म्हणजे माणसं विसरली तरी टिकणारी. आपण मृताला सोडवतो, ते त्याला देवाच्या आठवणीत ठेवतात.

रणांगणावर देह सापडतोच असं नाही. आपल्याकडे अशा वेळी दर्भाचा पुतळा करून संस्कार होतो. पानाखिदा नुसत्या नावावरही गाता येते.