कुलमुखत्यारपत्र देऊ नका

ढगातला कारभार : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण ॲमेझॉनच्या लॅम्डावर एक छोटं फंक्शन चढवलं. कुणी मोठा फोटो टाकला की त्याची लहान प्रत काढून ठेवायची, एवढंच त्याचं काम. तेव्हा सगळ्या कमांड आपण हाताने टाइप केल्या होत्या. आता तेच काम एआय एजंटकडे सोपवू.

एजंट क्लाउडला जोडायचा म्हणजे काहीतरी खास यंत्रणा लागत असेल, असा समज असतो. तशी ती लागत नाही. भाषेचं मॉडेल स्वतः काहीच चालवत नाही, ते फक्त मजकूर लिहितं. तुमच्या संगणकावरचा एक प्रोग्रॅम (क्लॉड कोड, कोडेक्स सीएलआय, जेमिनी सीएलआय, तिन्ही २०२५ मध्ये आले) मॉडेलने लिहिलेली कमांड उचलतो, टर्मिनलमध्ये चालवतो आणि जे छापून येईल ते मॉडेलला परत वाचायला देतो. ते वाचून मॉडेल पुढची कमांड लिहितं. काम संपेपर्यंत हे चालू राहतं. त्यामुळे संगणकावर एडब्ल्यूएस सीएलआय (ॲमेझॉनच्या क्लाउडची कमांड-लाइन) बसवलेलं असेल आणि तुम्ही लॉग-इन केलेलं असेल, तर जोडणी झालेलीच आहे. मुद्दाम काही करायचं राहिलेलं नाही, आणि काळजी करण्यासारखं आहे ते नेमकं हेच.

कमांड-लाइन आणि मॉडेल यांचं इतकं जुळतं, कारण दोघांचा व्यवहार मजकुराचा. एका प्रोग्रॅमचं छापील उत्तर दुसऱ्याच्या तोंडात घालायची युनिक्समधली पाइपची सोय १९७३ ची आहे. प्रत्येक कमांडचं उत्तर एका वाटेने, तक्रार दुसऱ्या वाटेने आणि शेवटी एक आकडा : शून्य म्हणजे जमलं, बाकी काहीही म्हणजे फसलं. शिवाय एडब्ल्यूएस सीएलआयच्या कमांडची दहा-बारा वर्षांची उदाहरणं मॉडेलने शिकताना वाचलेली असतात. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी नावाची वेगळी जोडपद्धत खुली केली, तिचा प्रसारही झपाट्याने झाला. पण एका फंक्शनच्या कामाला तिची गरज नाही, असं माझं मत आहे.

एजंट प्रत्यक्ष कामाला लागला की पहिला घोळ बहुधा रीजनचा, म्हणजे क्लाउडच्या भौगोलिक विभागाचा, होतो. आपलं फंक्शन मुंबई रीजनमध्ये आहे. ॲमेझॉनने हे रीजन जून २०१६ मध्ये सुरू केलं. तुमच्या प्रोफाइलमध्ये मात्र उत्तर व्हर्जिनिया लिहिलेलं असलं, तर फंक्शनांची यादी मागितल्यावर रिकामी यादी येते. एरर येत नाही, साधी सूचनाही नाही. माणूस अशा वेळी चक्रावतो आणि शोधाशोध करतो. एजंट मात्र फंक्शन अस्तित्वातच नाही असं समजून उत्साहाने नवं बांधायला घेऊ शकतो, तेही व्हर्जिनियात.

दुसरी गंमत 'इन्व्होक' या कमांडची. तिने फंक्शन चालवलं आणि आतला कोड कोसळला, तरी कमांड स्वतः यशस्वीच ठरते. स्टेटस २००, शेवटचा आकडा शून्य. तिचं काम फंक्शनला हाक मारायचं, ते तिने केलेलं असतं. कोड कोसळल्याची खूण उत्तरातल्या 'फंक्शन एरर' या वेगळ्या रकान्यात येते आणि कारण वेगळ्या फाइलमध्ये. फक्त शून्य पाहणारा एजंट तुम्हाला बिनदिक्कत 'चाचणी यशस्वी' म्हणून कळवतो. तसंच लॉगचं. 'फॉलो' लावून लॉग बघायला बसलेला एजंट तिथेच बसून राहतो, कारण ती कमांड आपणहून संपत नाही; गेल्या दहा मिनिटांचा लॉग, असं बांधून मागावं लागतं. आणि कोड बदलल्या बदलल्या सेटिंग बदलायला गेलं, तर आधीचा बदल अजून चालू आहे म्हणून लॅम्डा नकार देतं. मध्ये 'वेट फंक्शन-अपडेटेड' घालावं. अशा एजंटना प्रकल्पाच्या फोल्डरमधली एक सूचना-फाइल वाचायची सवय असते. रीजनचं नाव आणि या तीन गोष्टी तिथे लिहिल्या की बराच वेळ वाचतो.

त्याच फाइलमध्ये लोक आणखी एक ओळ लिहितात : 'काहीही डिलीट करू नकोस.' आणि निर्धास्त होतात. ही ओळ म्हणजे विनंती आहे, बंदी नव्हे. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एजंटने, बदल करू नकोस असं बजावलेलं असताना, एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसला. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

एजंट तुमच्या टर्मिनलमध्ये चालतो, म्हणजे क्लाउडच्या दृष्टीने तो तुम्हीच असता. तुमची ॲक्सेस की होम फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये साध्या मजकुरात पडलेली असते आणि बहुतेकांनी ती एकदाच, ॲडमिनच्या अधिकारांसह, करून ठेवलेली असते. तशा अकाउंटवर एजंट चालवणं म्हणजे त्याला कुलमुखत्यारपत्र लिहून देणं. जमिनीच्या व्यवहारात त्याने काय काय घडतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. जाणता वकील खास मुखत्यारपत्र करायला लावतो : अमुक गट नंबर, अमुक काम, अमुक तारखेपर्यंत. ॲमेझॉनच्या परवानगी-व्यवस्थेत, म्हणजे आयएएममध्ये, या तिन्ही अटी घालता येतात.

एजंटसाठी वेगळा रोल, म्हणजे ठरावीक परवानग्यांची ओळख, तयार करा. त्याला या एकाच फंक्शनचा कोड बदलायची, नवी आवृत्ती काढायची, ते चालवून बघायची आणि त्याचे लॉग वाचायची परवानगी द्या. मुदत ठरवा; असा रोल घेतल्यावर मिळणारी तात्पुरती ओळख साधारणपणे तासाभराची असते, ती १५ मिनिटांपर्यंत कमी करता येते. रोल घेताना सेशनला नाव द्यावं लागतं, तिथे एजंटचं नाव घाला. मग क्लाउडट्रेल या नोंदवहीतल्या नोंदींत तुम्ही केलेले बदल कोणते आणि एजंटचे कोणते, हे सरळ वेगळं दिसतं. या नोंदी ९० दिवस आपोआप राहतात, पण त्यात फंक्शन चालवल्याची नोंद नसते. ती हवी असेल तर वेगळी सुरू करावी लागते.

एवढं करूनही घर उघडं राहू शकतं. रोल नीट बांधला, पण शेजारच्या फाइलमध्ये तुमची ॲडमिनची की तशीच पडून असली, तर परवानगी नाकारली गेल्यावर एजंट दुसरं प्रोफाइल वापरून बघू शकतो. त्यात त्याचा दुष्टावा नसतो. अडथळा आला की दुसरी वाट शोधायची, हेच तर त्याच्याकडून अपेक्षित असतं. म्हणून एजंट कंटेनरमध्ये किंवा संगणकावरच्या वेगळ्या युजरखाली चालवा, जिथे त्या तात्पुरत्या ओळखीखेरीज काहीच नाही. सुरुवातीला त्याला 'गेट-कॉलर-आयडेंटिटी' ही कमांड चालवायला लावा. क्लाउड त्याला कोण समजतो आहे, ते एका ओळीत कळतं.

पुष्कळ जाणकारांच्या नजरेतूनही सुटतो तो मुद्दा पुढे आहे. लॅम्डा फंक्शनला स्वतःचाही एक रोल असतो आणि आतला कोड त्या रोलच्या अधिकाराने चालतो. फंक्शनचा रोल जर सगळ्या बकेट (फाइल साठवायचे कप्पे) वाचू-पुसू शकत असेल, तर फक्त कोड बदलायची परवानगी असलेला एजंटही तसा कोड लिहून, फंक्शन चालवून, ते सगळं करू शकतो. त्याचा स्वतःचा रोल कितीही आखूड असला तरी. तेव्हा आधी फंक्शनचा रोल छाटा : मूळ फोटोंची बकेट वाचायची, लहान प्रतींच्या बकेटमध्ये लिहायचं, लॉग लिहायचे, बस्स. आणि रोल दुसऱ्याच्या हवाली करण्याची 'पासरोल' ही परवानगी एजंटला अजिबात देऊ नका.

चालू वाहतूक कुठल्या आवृत्तीकडे जाईल, हेही माझ्या मते माणसानेच ठरवावं. लॅम्डात आवृत्ती एकदा काढली की तिचा कोड बदलत नाही, आणि 'लाइव्ह' असं एखादं उपनाव त्यातल्या एका आवृत्तीकडे बोट दाखवतं. एजंटने दिवसभर हव्या तितक्या आवृत्त्या काढाव्यात, तपासाव्यात. बोट हलवायची परवानगी त्याच्या रोलमध्ये नको. बिघडलं तर बोट मागच्या आवृत्तीकडे वळवणं ही एकाच कमांडची बाब आहे.

राहिलं बिल. आपल्या फंक्शनाने लहान प्रत जर मूळ फोटोच्याच बकेटमध्ये ठेवली, तर तीही नवा फोटो समजून फंक्शन पुन्हा जागं होतं, आणि हे थांबत नाही. अशी चक्रं ओळखून साधारण १६ फेऱ्यांनंतर तोडायची सोय लॅम्डात आता आहे, पण सगळ्या प्रकारची चक्रं तिला ओळखू येत नाहीत. बजेटचा इशारा लावाच, फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. त्याचे आकडे काही तासांनी मागून येतात आणि तो खर्च स्वतःहून थांबवत नाही. खरा लगाम म्हणजे राखीव कन्करन्सी. ती ५ केली की फंक्शनच्या एका वेळी पाचच प्रती चालतात, शून्य केली की फंक्शन बंद.

हे सगळं एजंटवरच्या अविश्वासातून सांगतो आहे, असं वाटेल. पण २८ फेब्रुवारी २०१७ आठवून बघा. ॲमेझॉनच्याच एका अधिकृत कर्मचाऱ्याने, ठरलेल्या पद्धतीने काम करताना, एका कमांडला चुकीचा आकडा दिला. थोडे सर्व्हर काढायचे होते, त्याऐवजी बरेच निघाले. उत्तर व्हर्जिनियातली, फाइल साठवायची एस-थ्री सेवा चारेक तास कोलमडली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या असंख्य वेबसाइटही. त्यानंतर कंपनीने ते साधनच बदललं : सर्व्हर सावकाश निघतील आणि ठरावीक संख्येच्या खाली जाणारच नाहीत, असं केलं. टाइप करणारा माणूस असो की मॉडेल, आवर कमांडच्या पलीकडच्या बाजूला घालावा लागतो.

आज प्रयोग करणार असाल, तर आधी अकाउंटमध्ये जाऊन रूट युजरच्या नावाची ॲक्सेस की शिल्लक आहे का ते बघा. असेल तर ती काढून टाका, आणि मगच एजंट सुरू करा. पुढच्या लेखात : लॉगमध्ये परक्याने पेरलेला मजकूर वाचून एजंट कसा फसतो.