कॅमेऱ्याच्या आधी माइक

2014 च्या दिवाळीत आम्ही तिघा मित्रांनी शाळेच्या एका जुन्या वहीत हिशेब मांडला. ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, दोन कार्डं, जादा बॅटरी. बेरीज साठ हजार. खाली दुसऱ्या शाईत लिहिलंय: नागपूरहून भाड्यानं आणला तर दिवसाचे दीड हजार. म्हणजे चाळीस दिवस वापरला तर कॅमेरा फिटणार. तिघांपैकी एकालाच तेव्हा कायमचा पगार होता. मी शिकवण्या घेत होतो, तिसऱ्याच्या घरची धानाची शेती.

नागपूर–भंडारा महामार्गावरच्या आमच्या शहापुरात व्हिडिओ म्हणजे लग्नाचा, हे ठरलेलं. लहानपणी खांद्यावरचा भलामोठा पॅनासॉनिक आणि त्यामागे हॅलोजन धरून पळणारा पोरगा पाहिलेला. 2008 मध्ये कॅननचा 5डी मार्क टू आला, फोटोच्या कॅमेऱ्यातून सिनेमासारखं चित्र निघू लागलं, आणि काही वर्षांत लग्नवाल्यांच्याही हातात डीएसएलआर आले. आम्हाला मात्र चित्रित करायची होती मंडई. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री दंडार, खडी गंमत ही आमची लोकनाट्यं होतात. आमच्या ओळखीच्या गंमतीच्या पार्टीतले शाहीर सत्तरीला आले होते. त्यांच्या मागं उभं राहून झील धरणारी पोरं कामासाठी नागपूरला, पुण्याला निघाली होती. ते गाणं कुठंतरी राहावं, एवढाच आमचा हेतू होता.

घ्यायचा की नाही, यावर पंधरा दिवस वाद झाला. शेवटी आईनं विचारलं, "वर्षातून किती दिवस हातात धराल?" कोणालाच सांगता येईना. मग एक रात्र भाड्यानं आणायचं ठरलं.

त्या रात्री दहा वाजता गंमत उभी राहिली. भाड्याच्या कॅमेऱ्यात एका फाइलला चार जीबीची मर्यादा होती, त्यामुळे साधारण बारा मिनिटांनी तो आपोआप थांबायचा. मी घड्याळ बघत बसलो आणि तरी दोनदा चुकलो. पहाटे दव पडलं, लेन्सवर धुकं आलं, ते गमछ्यानं पुसलं. चार वाजता दोन्ही कार्डं भरली. चित्र फार सुंदर आलं होतं. पिवळ्या दिव्याखाली शाहिरांच्या फेट्याची कड चमकत होती, ढोलकीवाल्याची बोटं मोजता येत होती.

आवाज ऐकला आणि तिघंही गप्प झालो. कॅमेऱ्याचा माइक शांततेत स्वतःच आवाज वाढवतो आणि जोराची थाप आली की खाली ओढतो. त्यामुळे ढोलकीची प्रत्येक थाप शाहिरांचा शब्द गिळत होती. सवालातला शेवटचा शब्द गेला की जबाबाला अर्थ उरत नाही. सहा तासांच्या चित्रणात सलग समजेल असं एक कवनही निघालं नाही. लोकांच्या गप्पा, जनरेटर, लेकरांचं रडणं मात्र स्वच्छ.

त्या साठ हजारांतून आम्ही पहिल्यांदा घेतला तो हातात मावणारा ध्वनिमुद्रक, एक कॉलर माइक आणि कानावरचे हेडफोन. तिन्ही मिळून दहा हजारांच्या आत. आवाजाची पातळी हातानं लावायची, माइक शाहिरांच्या छातीवर आणि मुद्रक त्यांच्या खिशात. चित्र कॅमेऱ्याचं, आवाज वेगळा, आणि सुरुवातीला एक टाळी वाजवून नंतर दोन्ही जुळवायचे. हौशी माणसानं पहिला पैसा आवाजावर घालावा, असं मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आलोय.

नंतरच्या वर्षांत दादासाहेब फाळक्यांबद्दल वाचत गेलो, तेव्हा पैसा आधी कशावर घालायचा हा आमच्या वहीतला प्रश्न किती जुना आहे ते कळलं. विम्याची पॉलिसी गहाण टाकून फाळके 1912 च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी त्यांनी साध्या, स्वस्त साहित्यावर डोळे दुखेपर्यंत प्रयोग केले होते. लंडनहून विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर त्यांनी फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही आणवलं, कारण कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची आणि भोकांशिवाय कॅमेरा चालत नाही. ती भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई शिकल्या. आणि भांडवल मागायला जाण्याआधी फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ महिनाभर रोज थोडी थोडी टिपून दाखवली. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला लागला.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर आणखी पुढं गेले. विलायती कॅमेऱ्याची वाट न बघता त्यांनी दामल्यांच्या मदतीनं 1918 च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा तयार केला, आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' आला. मला त्यात सर्वांत जवळचे वाटतात ते विष्णुपंत दामले. कॅमेरा घडवणारा हा माणूस बोलपट आल्यावर प्रभात फिल्म कंपनीत ध्वनिमुद्रण सांभाळू लागला. त्यांच्या आणि फत्तेलालांच्या दिग्दर्शनातला 1936 चा 'संत तुकाराम' पाहताना मी आता आधी आवाज ऐकतो.

2018 पर्यंत फोनच इतके चांगले झाले की कॅमेरा भाड्यानं आणणं कमी झालं. शॉन बेकरनं 2015 चा 'टँजरीन' आयफोनवर काढला होता, हे आम्हाला उशिरा कळलं. फोनसाठी आम्ही जड ट्रायपॉड घेतला, तोही वापरलेला. 2020 साली मंडई भरली नाही. त्याच वर्षी हार्ड डिस्क बंद पडली आणि 2017 ची सगळी मंडई गेली. दुसरी प्रत केली नव्हती. तेव्हापासून सगळं दोन डिस्कवर, आणि दुसरी डिस्क मित्राच्या घरी असते.

परवा वही पुन्हा उघडली. दहा वर्षांत भाड्याचे दिवस तेवीस. चाळीस अजून दूरच, आणि ज्या कॅमेऱ्यासाठी भांडलो तो केव्हाच बाजारातून गेला. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या माझ्या भाच्याला मात्र मी स्वतः कॅमेरा घ्यायला लावला. त्याचे चाळीस दिवस एका हंगामात भरतात.

गेल्या मंडईनंतर शाहिरांच्या ओसरीत बसून आम्ही एक लावणी मुद्रित केली. ढोलकी मुद्दाम दहा पावलं लांब बसवली. संपल्यावर ते म्हणाले, "आता मले आयकव गा बाबू." हेडफोन फेट्यावर बसेना, म्हणून त्यांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग हेडफोन काढून म्हणाले, दुसऱ्या कडव्यात श्वास चुकला आहे, पुन्हा घे. मी मुद्रक सुरू केला. त्यांनी आधी फेटा बांधला, मग ढोलकीवाल्याकडे पाहिलं.