तोंड पाहून गळ

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' मराठी अभ्यासकांना माहीत असतो तो महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात या उल्लेखामुळे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचेही एक प्रकरण आहे. गळाने मासे धरणे ही राजाची करमणूक म्हणून त्यात सांगितली आहे. तिकडे फारसे कोणी वळत नाही. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, कोणत्या जातीच्या माशाला काय खाऊ घालावे, याचा तिथे बारकाईने विचार केलेला आहे.

आजचा नवशिका आधी महागडी काठी आणि रीळ घेतो, आणि मासा काय व कुठे खातो हे शेवटी विचारतो. आपल्या तलावांत व धरणांत आढळणाऱ्या कार्प कुळातल्या माशांच्या बाबतीत तर याचे उत्तर त्यांच्या तोंडावरच असते. बाजारात गेल्यावर नीट पाहावे. कटल्याचे तोंड मोठे आणि वरच्या बाजूला वळलेले असते. तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूचे ओठ जाड, झालरीसारखे असतात. तो मधल्या थरात चरतो. मृगळ आणि सायप्रिनस तळाचा गाळ उकरतात. एकाच तलावात, एकाच जागी, तिघांसाठी गळ तीन वेगवेगळ्या खोलीवर हवा.

म्हणून पहिले काम खोली मोजण्याचे. गळाला शिशाचा तुकडा अडकवून दोरी सोडावी आणि तरंगणारा तुकडा (मोरपिसाचा देठ उत्तम) वरखाली सरकवत तळाचा अंदाज घ्यावा. मृगळासाठी आमिष तळावर टेकलेले हवे, रोहूसाठी तळापासून बरेच वर, कटल्यासाठी पृष्ठभागाखाली हात-दीड हात. शिसे बेताचेच लावावे.

मग चारा. भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा पाण्यात मळून दोन-तीन मुठी एकाच जागी, शक्यतो दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळी टाकाव्यात. अधिक टाकले तर मासा पोट भरून निघून जातो. गळाला तेच पीठ कणकेसारखे मळून लावावे. मृगळाला गांडूळही चालते. बंगालात यासाठी लाल मुंग्यांची अंडी वापरतात, पण ती काढणे हे नवशिक्याचे काम नव्हे. कटल्यासाठी गोळा पाण्यात हळूहळू विरघळेल असा सैल ठेवावा, म्हणजे गळाभोवती पिठाचा ढग तयार होतो आणि पाण्याबरोबर गळही आत ओढला जातो.

आमिष मऊ का हवे? या कुळातल्या माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. मासा आमिष चावत नाही. पाण्यासकट ओढतो, चाचपतो, आणि काही टोचले की थुंकतो. त्यामुळे देठ आधी नुसता थरथरतो. इथेच बहुतेक जण घाई करतात. देठ सरळ खाली जाऊ लागला किंवा आडवा पडून सरकू लागला की मनगटाने झटका द्यावा, खांद्याने नव्हे. मासा जोर करील तेव्हा दोरी द्यावी, थांबेल तेव्हा घ्यावी. रीळ नसेल तर काठी उभी धरून तिच्या लवचीकतेवर त्याला दमवावे. काठावर उचलताना हातजाळी हवीच, कारण दोरी तुटते ती शेवटच्या हातभर अंतरात.

या माशांना ऐकूही चांगले येते. त्यांच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. गप्पांपेक्षा काठावर आपटलेली पावले अधिक घातक.

एक गोष्ट मात्र तंत्राइतकीच आवश्यक आहे. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात प्रजनन करीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ येथे हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले, आणि नंतर बीज गावोगाव पोहोचू लागले. म्हणजे तलावातला रोहू बहुधा कुणीतरी विकत घेऊन सोडलेला असतो. जलाशय मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असेल तर तिची परवानगी घ्यावी. दोन मासे म्हणजे काय मोठे, हा युक्तिवाद बीजाचे पैसे भरणाऱ्यापुढे टिकत नाही.

नदीवर गोष्ट वेगळी. आषाढ-श्रावणात प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या, पोट फुगलेल्या रोहूच्या मादीत किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. ती गळाला लागली तर हात ओले करून गळ काढावा, डोके प्रवाहाकडे करून तिला पाण्यात धरून ठेवावे, आणि शेपटी स्वतःहून हलवू लागली की सोडावे.