मोर पाहायला नायगावला निघालात? आधी हे नियम वाचा

पावसाळ्यात मोर पाहण्यासाठी वडवणीकरांना जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य १९९४ मध्ये घोषित झाले. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर.

कोणालाही जाता येते का?
नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ नुसार परवानगी असलेले रहिवासी, आत जमीन असलेले आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारे यांना सूट आहे. पर्यटन, छायाचित्रण वा संशोधनासाठी कलम २८ चा परवाना लागतो.

इथे कोअर-बफर आहे का?
ही विभागणी व्याघ्र प्रकल्पांत असते. ताडोबात पावसाळ्यात कोअर बंद असतो, तेव्हा पर्यटक बफरमध्ये जातात. नायगावात असा दुसरा पट्टा नाही. त्यामुळे मोर आणि गर्दी एकाच जंगलात.

मग धोका काय?
मोर पिसारा फुलवतो, तोच विणीचा काळ. लांडोर झुडपाच्या आडोशाला जमिनीवरच अंडी घालते. रीलसाठी वाट सोडली, तर पाय अंड्यांवर पडू शकतो. लांडोर घाबरून उठली, तर अंडी मुंगसाच्या तोंडी जातात.

काय लक्षात ठेवाल?
वाट सोडू नका, गाणी लावू नका. चूल पेटवू नका. अभयारण्यात आग लावण्यास कलम ३० नुसार बंदी आहे. मोर दुरूनच पाहा.